सगुणा सायाळीची बरणी आणि बारा तोट्यांचं दुकान

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ होता आणि त्याला लोणचं आवडायचं. हसू नका. वाघाला लोणचं आवडू नये असं कुठे लिहिलेलं नाही. रोज उठून सांबरच खावं लागलं असतं तर तुमच्याही तोंडाची चव गेली असती.

हे लोणचं सगुणा करायची. सगुणा ही सायाळ होती. सायाळ म्हणजे ती, जिच्या पाठीवर लांब लांब काळेपांढरे काटे असतात. लोणच्याला हे काटे फार उपयोगी पडतात. कोवळी कैरी घ्यायची, पाठीवरचा एक काटा उपसायचा आणि कैरीला दहाबारा टोचे मारायचे. मग मीठ आणि मोहरी कोयीपर्यंत उतरते. सगुणाची आई असंच करायची. आजीही असंच करायची. त्या आजीच्या काळात ह्या वाघाच्या आजोबांनी लोणच्याची पहिली फोड चाखली, मिशा पुसल्या आणि भर दरबारात वचन दिलं, "ज्या हाताचं लोणचं खातो, त्या हाताला आम्ही खाणार नाही."

केवढा दिलदार राजा, असं तुम्हाला वाटेल. पण वचन नीट ऐका. ज्या वर्षी लोणचं नाही, त्या वर्षी वचनही नाही. सायाळींनी ते नीट ऐकलं होतं. म्हणून दर वैशाखात बरणी भरायची, तोंडाला कापडाचा दादरा बांधायचा आणि नागपंचमीला तो उघडून बरणी राजाच्या गुहेत पोचवायची. तीन पिढ्यांत एकही बरणी बिघडली नव्हती. तीन पिढ्यांत एकही सायाळ वाघाच्या पोटात गेली नव्हती.

बरणी न बिघडण्याचं खरं कारण नदीकाठी राहत होतं. त्याचं नाव दगडू. दगडू हा गवा होता आणि त्याचा लाकडी घाणा होता. घाण्याला तो स्वतःच जुंपून घ्यायचा, स्वतःच फिरायचा आणि स्वतःच तेल मापून द्यायचा. अंगाने डोंगराएवढा आणि बोलायला फटकळ. त्याची एक खोड होती. तेल घालण्याआधी तो गिऱ्हाइकाचं भांडं हातात घ्यायचा, उन्हाकडे धरायचा, नाक खुपसून वास घ्यायचा आणि आतून एक वाळली काडी फिरवायचा. काडी ओली निघाली की भांडं परत. समोर राणीसाहेब असोत नाहीतर उंदीर.

"वाळवून आना," तो म्हणायचा. "त्याल माझं हाय, भांडं तुमचं. आत पानी ऱ्हायलं तर शिव्या मला बसत्यात."

लोणच्यासाठी तेल मागितलं तर तो मापाच्या वर आणखी एक पळी घालायचा. "ही बरनीची," एवढंच बोलायचा. वर सांगायचा की धूर निघेस्तोवर तापवा, पार गार होऊ द्या, मग ओता. सगुणाला हे पाठ होतं. तरी तो दर वर्षी सांगायचा आणि ती दर वर्षी हो म्हणायची.

जंगलातल्या बड्या घरच्या बायकांना मात्र हा माणूस, म्हणजे हा गवा, मुळीच आवडायचा नाही. आपल्या भांड्यात परक्याने नाक खुपसायचं म्हणजे काय? सगुणाच्या शेजारी वासंती चितळ राहायची. अंगावर सुरेख ठिपके, मान सदा वर. तिचं भांडं एकदा दगडूने चारचौघांत परत केलं होतं. तेव्हापासून ती घाण्याच्या वाटेवरून जाताना श्वास रोखून धरायची.

मग एका हिवाळ्यात रोहित आला.

रोहित हा पक्षी आहे, मुलांनो. लांब तंगड्या, गुलाबी पिसं, वाकडी चोच. तो हिवाळ्यात समुद्रापलीकडून येतो, दलदलीत डोकं उलटं घालून चिखल गाळतो आणि त्यात सापडेल ते खातो. पाऊस तोंडावर आला की उडून जातो. इतकी वर्षं हेच चाललं होतं आणि कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. ह्या खेपेला त्याने ओढ्याकाठी दुकान मांडलं.

दुकानात बारा काचेचे हंडे होते आणि प्रत्येक हंड्याला एक पितळी तोटी. हंडे भर उन्हात ठेवलेले, कारण उन्हात तेलाचा रंग खुलतो. हंड्यांना झाकणं नव्हती, कारण तेलाला श्वास घेता आला पाहिजे. एकात अक्रोडाचं तेल. एकात तुळशीत मुरवलेलं. एकात धुरावलेल्या मिरचीचं. एकावर लिहिलं होतं, 'तीळ, पहाटेच्या दवातले'. ते मात्र खरं होतं, कारण उघड्या हंड्यांत रोज पहाटे दव पडायचं. शेवटचे चार हंडे व्हिनेगरचे होते. त्यातलं अंजिराचं व्हिनेगर बारा वर्षं लाकडी पिंपात मुरलेलं होतं, असं रोहित सांगायचा. अंजिराच्या झाडाखाली ते पिंप त्याने बारा दिवसांपूर्वी भरलं होतं.

नोकर नव्हता. एक पाटी होती. 'आपली बाटली आपण धुवा. आपली तोटी आपण फिरवा. आपली चव आपण ओळखा.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'तापवू नये. तापवल्यास चव मरते.'

रोहित शेजारी एका पायावर उभा राहायचा. रोहित पक्षी असेच उभे राहतात, त्यात विशेष काही नाही. पण जंगलाला वाटलं, तो चिंतन करतोय.

वासंती पहिल्याच दिवशी गेली. ओढ्यात बाटली विसळली, निथळत्या बाटलीत तोटी सोडली आणि कुणीही तिला काही बोललं नाही. कुणी आत नाक घातलं नाही. कुणी काडी फिरवली नाही. इतका मान तिला जन्मात मिळाला नव्हता. ती घरी येईपर्यंत तीन वाटांवर सांगत आली. आठवड्याभरात ओढ्याकाठी रांग लागली. एरवी ज्यांना पाणवठ्यावर धीर धरवत नाही, ते प्राणी विसळलेली बाटली हातात धरून तासतासभर उभे राहू लागले आणि त्याला स्वावलंबन म्हणू लागले.

विकत घेण्याआधी चाखायची सोय होती. भाकरीचा तुकडा बांबूच्या काडीला टोचायचा, तोटीखाली धरायचा, तोंडात टाकायचा आणि डोळे मिटायचे. डोळे मिटणं सक्तीचं नव्हतं, पण उघडे ठेवणाऱ्याकडे लोक बघायचे.

"ह्यात मला ओल्या मातीचा भास होतोय," वासंती डोळे मिटून म्हणाली.

मातीच होती ती, मुलांनो. तोटीच्या तोंडाशी अडकली होती.

"बाईंना जिभेची जाण आहे," रोहित म्हणाला आणि पाय बदलला.

सगुणा वैशाखात गेली ती नुसती बघायला. कैऱ्या उतरून झाल्या होत्या, टोचे मारून झाले होते, मसाला कालवून ठेवला होता. घाण्यावर जाऊन तेल आणायचं बाकी होतं. हातात तेलाची रिकामी चरवी होती. तिला पाहून वासंतीने हाक मारली.

"सगुणाबाई, तुम्ही अजून त्या गव्याकडचंच तेल घालता? राजासाहेबांच्या बरणीत? परवा राणीसाहेब विचारत होत्या."

राणीसाहेब विचारत होत्या म्हटल्यावर सगुणा तोट्यांजवळ गेली. तिने एक काडी घेतली, तुकडा टोचला, तिळाच्या तोटीखाली धरला आणि तोंडात घातला.

आता इथे लक्ष द्या. सगुणाची जीभ तीन पिढ्यांची होती. तुकडा टाळूला लागला आणि तिला कळलं की तेल खवट आहे. थोडंथोडकं नाही, चांगलं खवट. ती सांगणारही होती. तोंड उघडलंही होतं. पण वासंती बघत होती, रांगेतले सगळे बघत होते आणि रोहितने मान वाकवून विचारलं, "काय जाणवतंय?"

"खोल आहे," सगुणा म्हणाली. "जरा खोल आहे."

"वा," रांग म्हणाली.

एवढं झाल्यावर चरवी रिकामी घेऊन कशी जाणार? पाटीवर लिहिल्याप्रमाणे तिने ती ओढ्यात विसळली आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणे तोटी फिरवली. सोबत अंजिराच्या व्हिनेगरची एक बाटली घेतली, कारण वासंतीने दोन घेतल्या होत्या. दाम घाण्याच्या चौपट होते. चौपट दिल्यावर तेल बरं असणारच, असं म्हणत ती घराकडे निघाली.

वाट घाण्यावरून जात होती. दगडूने चरवी पाहिली आणि तो फिरायचा थांबला.

"सगुनाबाई, इकडं आना बघू ती."

तिने आणली नाही. त्याने तिथूनच वास घेतला.

"ह्ये लोनच्यात घालू नगा. खवाट हाय. आन् चरवी वली हाय, भायेरनं गळतीय. सरावनात बुरशी धरंल."

"पाटीवर लिहिलंय तसंच केलंय मी."

"मंग तापवा तरी. चांगलं धूर निघेस्तोवर."

"तापवायचं नसतं ते. चव मरते."

"चव ऱ्हाऊ द्या," दगडू म्हणाला, "तुमी मराल."

सगुणाच्या पाठीवरचे काटे खडखडले. राग आला की तिचे काटे खडखडायचे आणि खोटेपणा अंगाशी आला की जरा जास्तच. "तुझं गिऱ्हाईक गेलं म्हणून बोलतोयस तू. सगळ्यांना कळतं ते."

"गेलं की. खोटं कशाला बोलू?" दगडू म्हणाला. "पर वाघाम्होरं तुमी उभ्या ऱ्हानार, मी न्हाई. ह्ये अंगाला लावा न्हाईतर ओतून द्या. माझ्याकडनं न्या बरनीपुरतं. दाम देऊ नगा."

फुकट म्हटल्यावर तर तिला ते तेल आणखीच हलकं वाटलं. ती चरवी सांभाळत निघून गेली. घरी जाऊन तिने तेल न तापवता बरणीत ओतलं. वरची एक पळी अर्थातच नव्हती, त्यामुळे कैऱ्यांची डोकी उघडीच राहिली. तिने दादरा बांधला आणि हात जोडले.

मृग लागायच्या आत रोहित उडून गेला. हंड्यांना पानांचे द्रोण पालथे घातलेले होते आणि पाटीवर लिहिलं होतं, 'थंडीत भेटू'.

नागपंचमीच्या सकाळी सगुणाने दादरा सोडला. आत पांढरी, मऊ, बोटभर बुरशी होती. ती बराच वेळ जमिनीवर बसून राहिली. मग उठली. रडून बुरशी जात नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तिने ती खरवडली. वास मारायला वरून अंजिराचं व्हिनेगर ओतलं. बरणी डोक्यावर घेतली आणि गुहेकडे निघाली. धावत घाण्यावर जावं, दगडूला सांगावं, असं तिच्या मनात एकदा आलं होतं. पण मग आपण चुकलो असं म्हणावं लागलं असतं.

वाघाने एक फोड तोंडात घातली आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. सगुणाचे काटे खडखडू लागले.

"अहो, रोहितच्या दुकानातलं तेल आहे ते," राणीसाहेब म्हणाल्या. "त्याची चव कळायला वेळ लागतो. सगळ्यांनाच कळते असं नाही."

सगळ्यांना न कळणारी गोष्ट आपल्याला कळत नाही असं कुठला राजा म्हणेल? वाघाने डोळे मिटले आणि अर्धी बरणी संपवली. पुढचे तीन दिवस राज्याचा कारभार झुडपामागून चालला.

चौथ्या दिवशी दरबार भरला. वाघ पोटावर हात ठेवून बसला होता. दिवाण होता तरस. तो चौकशीला उभा राहिला.

"तेल कुणाचं?"

"रोहितचं," सगुणा म्हणाली.

"रोहित कुठे आहे?"

"समुद्रापलीकडे."

"तोटी कुणी फिरवली?"

दिवाणाने ओढ्याकाठची पाटी आणवली होती. त्याने ती वाचून दाखवली. आपली बाटली आपण धुवा, आपली तोटी आपण फिरवा. कायदा स्वच्छ होता. वाघाने सगुणाकडे पाहिलं. तीन दिवसांत त्याच्या पोटात काही राहिलं नव्हतं.

"नियम म्हणून एक विचारतो," दिवाण कागद गुंडाळत म्हणाला. "हे बिघडेल असं कुणाला आधी माहीत होतं का?"

दगडू मागे, दरबाराच्या कडेला उभा होता. तो का आला होता कोण जाणे. बहुधा तिच्या बाजूने दोन शब्द बोलायला आला असावा. सगुणाने मागे वळून पाहिलं. मग तिने खरं काय ते सांगितलं. तेल खवट असल्याबद्दल सगळ्या गोष्टीत ती एवढंच एक खरं बोलली.

"दगडूला माहीत होतं. त्याने मला सांगितलं होतं."

"केव्हा?"

"वैशाखात."

दरबारात कुजबुज झाली. दिवाणाने कागद पुन्हा उलगडला.

"महाराज, वैशाखात आपल्याला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. आणि ह्या गव्याला तेव्हाच ठाऊक होतं की श्रावणात आपलं पोट बिघडणार. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी हे केलं नाही, हे उघड आहे."

"म्या तर तिला घालू नगा म्हनलं," दगडू म्हणाला.

"म्हणजे कबूल," दिवाण म्हणाला.

शिक्षा ठरली देहान्ताची. पण वैद्याने राजाला हलकं खायला सांगितलं होतं आणि गवा पचायला जड. म्हणून देहान्ताऐवजी हद्दपारी झाली. घाणा सरकारजमा झाला. वासंती म्हणाली की तिला पहिल्यापासून त्याचं ते नाक खुपसणं संशयास्पदच वाटत होतं.

दगडू जाताना सगुणाच्या जवळून गेला. ती खाली बघत होती. तो थांबला.

"बाई, फुडल्या वर्साला भांडं वाळवून घ्या," तो म्हणाला आणि गेला.

सगुणाला लाज वाटली, मुलांनो. खरंच वाटली. संध्याकाळपर्यंत वाटत होती. मग जिवंत असल्याचा आनंद मोठा असतो, त्यात ती कुठे गेली ते कळलं नाही.

थंडीत रोहित परत आला. झाला प्रकार ऐकून तो हळहळला. मग त्याने तेरावा हंडा मांडला. त्यावर गव्याचं चित्र होतं, गव्याच्या गळ्यात हार होता आणि खाली लिहिलं होतं, 'दगडूचा घाणा. परंपरेचं तेल. तापवू नये.' हंड्यात गेल्या वर्षीचं उरलंसुरलं तिळाचं तेल होतं. दाम आठपट. प्राणी गहिवरले. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते बाटलीत पडलं. वासंतीला त्या तेलात श्रमाचा भास झाला.

वैशाखात सगुणाने चरवी तीन दिवस उन्हात वाळवली. एवढं तिने दगडूचं ऐकलं. मग ती चरवी घेऊन तेराव्या तोटीशी गेली. दुसरीकडे कुठे जाणार? चित्रातला गवा तिच्याकडे बघत होता. तिने मान वळवून तोटी फिरवली. घरी आल्यावर तेल तापवावं असं तिला फार वाटलं. तिने चूलही पेटवली होती. पण वासंती गप्पा मारायला आली आणि चुलीकडे अशा नजरेने पाहू लागली की सगुणाने ती विझवली.

श्रावणात बरणी उघडली तेव्हा बुरशी गेल्या वर्षीपेक्षा दाट होती.

ह्या खेपेला वाघ शहाणा झाला होता. त्याने नुसता वास घेतला आणि बरणी बाजूला सारली. त्यामुळे त्याचं पोट ठणठणीत राहिलं. दिवाण तरस उभा राहिला. रोहित समुद्रापलीकडे. तोटी सगुणाने फिरवलेली. पाटी वाचून झाली.

"हे बिघडेल असं कुणाला आधी माहीत होतं का?"

सगुणाने मागे वळून पाहिलं. दरबार भरलेला होता. रांगेत उभे राहणारे सगळे तिथे होते. त्यांच्यातल्या निम्म्यांना त्या तेलाचा खवट वास वैशाखातच आला होता. पण गेल्या वर्षीचा निकाल सगळ्यांनी ऐकला होता. जो तो आपल्या खुरांकडे, पंजांकडे बघत होता. वासंती झाडाच्या शेंड्याकडे बघत होती.

"वासंतीबाई," सगुणा म्हणाली, "तुम्ही होतात ना तिथे."

"मला त्यातलं काही कळत नाही बाई," वासंती म्हणाली.

दिवाण थोडा वेळ थांबला. न्यायाला घाई नसते. मग त्याने कागद गुंडाळला.

"कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे जिने केलं तिचंच."

ह्या खेपेला वैद्याला कुणी बोलावलं नाही.

त्या थंडीत रोहितच्या दुकानात एक सुधारणा झाली. भाकरीचा तुकडा टोचायला बांबूच्या काड्या होत्या, त्या गेल्या. त्यांच्या जागी लांब, गुळगुळीत, काळेपांढरे काटे आले. हातात धरायला छान आणि टोकाला तीक्ष्ण. वासंतीने एक उचलून उन्हाकडे धरून पाहिला.

"किती सुरेख आहेत. कुठून मागवलेत?"

"इथलेच आहेत," रोहित पाय बदलत म्हणाला. "स्थानिक."

तिने तुकडा टोचला, तेराव्या तोटीखाली धरला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. काट्याच्या टोकाला मोहरीचा एक दाणा चिकटून राहिला होता. तो तिच्या दाताखाली आला.

"यंदाच्या तेलात काहीतरी जास्त आहे," ती म्हणाली.

रांगेने मान डोलावली आणि सगळ्यांनी चाखायला एकेक काटा उचलला.

तात्पर्य : मुलांनो, कुणाचं भांडं ओलं दिसलं तर दुसरीकडे बघावं. तेल खवट लागलं तर खोल आहे म्हणावं. आणि काही बिघडणार हे आधी कळलंच, तर ते कुणालाही सांगू नये. फार तर शेजारणीने चूल पेटवली असेल तर तिच्याकडे गप्पा मारायला जावं.